झडती

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये कागद मोजला.
भोंग्याआधी जेलरोडवरून चालत निघायचे,
सुटताना फाटकावर गस्तीची बाई
माझा अंबाडा, पदर, डब्याची तिन्ही झाकणं
चाचपून म्हणायची, जा.
जा म्हणजे, काही नाही तुझ्यापाशी.

निवृत्त झाले, तरी बोटं कामावर जात राहिली.
भाकरीच्या चवडीवरून अंगठा सरसर फिरायचा.
पुस्तक घेतलं तर नात म्हणाली,
आजी, तू वाचत नाहीस, बंडल बांधतेस.

ते पुस्तक गांगुर्डेच्या रद्दीतलं.
तराजूत टाकून म्हणाला, द्या सात रुपये.
वेष्टन गेलेलं, पहिली अकरा पानं गेलेली,
लिहिणाऱ्याचं नाव त्यांच्याबरोबर गेलेलं.
बाराव्या पानावर वाक्य अर्ध्यातून सुरू होतं:
'म्हणून तो तिथेच बसून राहिला.'
कोण, कुठे, कशासाठी,
सगळं त्या अकरा पानांत.

पहिल्या दिवशी चाळीस पानं उरकली.
शिरसाठबाईंनी विचारलं, काय आहे त्यात?
किती आहेत ते चटकन सांगितलं.
काय आहे, ते काही सांगता येईना.

मग ठरवलं, दिवसाला एक पान.
दसकच्या घाटावर, तिसऱ्या पायरीवर,
शाल कानावरून घेऊन.
पौषातली थंडी, पाण्यावर वाफ,
पुलाखालून पाणवेलींचे हिरवे पुंजके
कुणीतरी पाठवल्यासारखे हळूहळू जातात.
एक पोरगा टेम्पो धुतो, गाणी मोठ्याने लावून.
शांतता म्हणतात ती हीच का, मला ठाऊक नाही.
गुडघा दुखतो.
पान संपतं आणि काहीच होत नाही,
असे कितीतरी दिवस गेले.

एकदा लिहिलेलं सापडलं,
'पालथं घातलेलं भांडं कुणाची वाट पाहत नाही.'
घरी येऊन कपाट उघडलं.
एकोणतीस पातेली निघाली. (हो, मोजली.)
आहेरातली, भिशीतली, नावं घातलेली,
एकीवर तर माणूस गेलेला, नाव लखलखीत.
चार ठेवली, बाकीची वाटून टाकली.
सून दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
पुस्तकं वाचून लोक शहाणे होतात ना हो?

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
माझं काम चूक शोधायचं होतं.
शाई फाकलेली, रेघ सरकलेली, आकडा चुकलेला
हजार कागदांतून एक मला दुरून दिसायचा.
सत्त्याऐंशीव्या पानावर दिसलाच:
'निजण्यापूर्वी रोज थोडं मण हलकं करावं.'
मन हवं, मण झालंय.
पेन्सिल काढली, गोल करायला टेकवली,
आणि हात तिथेच राहिला.

मण.
चाळीस शेर.
गांगुर्डेचा तराजू आठवला,
आणि आईनं मोडून दिलेल्या पाटल्या,
आणि धाकट्या दिराला एकोणनव्वद साली बोललेलं
ते एक वाक्य, अजून तसंच, कोरं, न खपलेलं.
चूक नव्हती बहुतेक.
किंवा असेलही, कुणा खिळे जुळवणाऱ्याची,
झोपेला आलेल्या.
त्याचे उपकार.

त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
अंगठा कडेवर ठेवून नुसती बसले,
आणि ध्यानात आलं, तो मोजत नाहीये.

ऊन चढलं. टेम्पो निघून गेला.
उठताना सवयीनं पदर झटकला,
दोन्ही हात पुढे धरले,
उताणे, फाटकावर धरायचे तसे.
बत्तीस वर्षं मला वाटायचं, हा संशय आहे.

घाटावर कुणी नव्हतं जा म्हणायला.
दिराचा नंबर नातीकडून घ्यायचा होता.
मेथीची जुडी घ्यायची होती.
निघाले.