एक इंच खोल, आडवं

तेवीस वर्षं शाळेची बस चालवली मी, लॉरेल फोर्कच्या काठाकाठानं.
सायकमोरच्या पुढचं वळण, तिथं दुसरा गिअर,
आणि एप्रिलात, मोजून आठ-दहा दिवस,
उजव्या उतारावर पांढरं काही सांडल्यासारखं.
मुलं मागे भांडत असायची. मी बघून घ्यायची.
उतरून कधी पाहिलं नाही. बसचे थांबे ठरलेले असतात.

मग झाडांना गुलाबी फिती बांधल्या गेल्या.
रस्ता रुंद होणार. मुकादम योकम म्हणाला,
"शुक्रवारी अंधार पडेतो काय हवं ते ने, बाई.
सोमवारी इथं डोंगर नसेल."

चपटं फावडं नेलं, स्वयंपाकघरातला डाव,
आणि ओल्या वर्तमानपत्रांचं खोकं.
ब्लडरूट. नाव ऐकून होते; पण मूळ मोडलं
आणि हातावर जे आलं त्याला नाव पुरेना.
शेंदरी, चिकट, कोमट असेल असं वाटायला लावणारं.
साबणानं जाईना. व्हिनेगरनं जाईना.
सोमवारी स्टिअरिंगवरचे ते हात बघून
पहिल्या बाकावरच्या टोबिननं विचारलं,
"मिस डेल्फा, कुणाला मारलंत?"
"अजून नाही," मी म्हटलं.
अख्खी बस त्या दिवशी शहाण्यासारखी वागली.

घराच्या उत्तरेला, मेपलखाली, गवत कधी धरलंच नाही.
ऑरिननं तीनदा बी पेरलं होतं तिथं,
तीनदा सावलीला शिव्या घातल्या.
तीच जागा दिली.
एक इंच खोल, मूळ आडवं निजवायचं, उभं नाही.
वर गळलेल्या पानांचं पांघरूण, आणि ते झाडायचं नाही,
पाहुणे येणार असले तरी.

पहिल्या वर्षी तीन पानं.
दुसऱ्या वर्षी जुलैत ती पिवळी पडली, ऑगस्टात काहीच नाही.
मेलं, असं धरून चालले. मग राहवेना,
बोटानं उकरून पाहिलं, चोरासारखं.
होतं. जाडजूड, लालसर, घोरत पडलेलं.
न ठोठावता कुणाच्या खोलीचं दार उघडावं
तशी ओशाळून माती परत लोटली.

तिसऱ्या एप्रिलात एक पान वर आलं, देठाला लपेटून,
वाऱ्यात काडी पेटवताना हाताचा आडोसा करतात तसं.
आत कळी.
दहाच्या सुमाराला ऊन उघड्या फांद्यांतून खाली उतरलं
आणि ती उमलली. आठ पाकळ्या. दोनदा मोजल्या.
कॉफी गार झाली. बहिणीचा फोन वाजू दिला.
रात्री मिटली, सकाळी पुन्हा उघडली,
दुपारी वारा सुटला आणि आटोपलं.

दीड दिवस.
हिशेब मांडायला बसले नाही मी.
ऑरिनबरोबर एकतीस वर्षं संसार केला,
त्यातले उमललेले दिवस कुणी मोजले?

बिया मुंग्यांनी नेल्या. बीच्या पाठीला
लोण्यासारखी पांढरी शिदोरी असते, तेवढी खातात,
उरलेलं बी आपल्या उकिरड्यावर टाकतात, तिथंच ते रुजतं.
मुंग्यांना कुंपण कळत नाही.
पलीकडे वेंडेल प्रॅथर. त्याला माझा मेपल तोडून हवा होता,
आणि त्याची हिरवळ म्हणजे लष्करातली हजामत.
यंदा एप्रिलात त्याच्या बाजूला, खांबाच्या बुडाशी,
ताटाएवढी जागा कापायची राहिली होती.
पुढच्या शनिवारीही राहिली.
तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

परवा टोबिन आला. दाढी, पिकअप ट्रक, कडेवर मुलगी.
"घरामागं नुसती सावली आहे," म्हणाला,
एखादं दुखणं सांगावं तसं.
वर काही दिसत नव्हतं; मी खुणेची काडी शोधली, खणलं,
दोन डोळे राखून तुकडा कापला.
तो अंगठ्यावरचा डाग बघत राहिला.
"जातो ना हा?"
"बायको विचारेपर्यंत तरी नाही."

त्याला सोडायला नव्या रस्त्यापर्यंत गेले.
चार पदरी, सरळ. वळण असं उरलेलंच नाही.
तरी परतताना, सायकमोर जिथं होता तिथं आले
की पाय आपोआप ब्रेकवर जातो,
आणि मागचा ट्रक हॉर्न देतो.