पाच तोंडांचं घड्याळ

निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून
आदगोंडा मगदूमचं दुकान.
नव्या मालातलं एक घड्याळ: पितळी कड, मागं चार खिट्ट्या,
सोबत बिस्किटाच्या डब्यात पत्र्याच्या तबकड्या.

एकीवर मोर.
एकीवर नुसते ठिपके, आहेरात द्यायला,
कुणालाच न टोचणारे.
रोमन आकड्यांची खपत नाही.
उरलेल्या दोन तो वेगवेगळ्या कागदांत गुंडाळतो,
एक मराठी अंकांची, एक कानडी.

गेल्या वर्षी कानडी लावून नेलेलं घड्याळ घेऊन
काल गंगव्वा मास्तरीण आली.
सून गडहिंग्लजची. ओली बाळंतीण.
रात्री पाजताना तिला वाजलेले कळू देत,
बदल.

आदगोंडानं आधी काटे उपटले.
काटे काढल्याशिवाय तोंड बदलत नाही,
हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.
यंत्र उघडं पडून टकटकत राहिलं,
किती वाजले ते न सांगता.

टैम एष्टातु? तिनं सवयीनं विचारलं.
त्यानं भिंतीकडं बघितलं.
भिंतभर घड्याळं, एकाचं दुसऱ्याशी पटेना.
हसला. गुडघ्यावर दोन्ही तबकड्या शेजारी धरून म्हणाला,
दहातलं शून्य बघा बाई,
तेवढं दोन्हीकडं सारखंच काढलंय.

नवी बसली. काटे अंदाजानं लावले.
जुनी डब्यात टाकणार, तर म्हणाली,
दे इकडं, दुधावर झाकायला होईल.
मधे भोक आहे की, बाई.

असू दे. वाफ जायला पाहिजेच.