कोरडं वजन

पहिली तीन मीच मारली.
सकाळी चहा ठेवता ठेवता एक फुलपात्र,
संध्याकाळी दिवा लावता लावता एक.
त्यात कूलरच्या तोंडाशी ठेवलेली, गारवा लागावा म्हणून.
मे महिना, नरेंद्र नगरात बाहेर शेहेचाळीस.
मला वाटलं, तहान कोणाला लागत नाही?

पानं आधी काचेसारखी झाली,
मग पिवळी, मग नुसतं बोट लावलं
की शिजलेल्या भेंडीसारखी हातात.
मी समजले, पाणी कमी पडतंय.
अजून घातलं.

सेमिनरी हिल्सच्या उतारावरचा नर्सरीवाला गेडाम
कुंडी उलटी करून बघत राहिला.
"बाई, खाली भोकच नाही.
याले तुम्ही बुडवून राह्यल्या."
मुळं काळी, कुजक्या सुतळीसारखी.
वास घ्या म्हणाला. घेतला.
तुंबलेल्या मोरीचा.

त्यानं सांगितलं ते दुधाच्या वहीत, मागच्या पानावर:
काळी माती नको, ती पाणी धरून बसते.
कन्हानची जाड रेती, विटेचा चुरा.
मातीचीच कुंडी. भोकाची.
फवारा मारायचा नाही,
पानांच्या बेचक्यात थेंब राहू द्यायचा नाही.
द्यायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत द्यायचं,
बशीतलं ओतून टाकायचं,
आणि विसरून जायचं.
"किती दिवस?"
"दिवस नका मोजू. कुंडी उचलून पाहा.
हाताले समजते."

वजनाचं मला नवीन नव्हतं.
मंगळवारी आणि शुक्रवारी धंतोलीत
यांनाही आधी काट्यावर उभं करतात.
कोरडं वजन एकसष्ट.
त्यावर जे भरेल ते पाणी,
चार तास बसून यंत्र ते काढून घेतं.
दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा, त्यात वरण,
त्यात गोळ्यांवरचा घोट.
बाटलीवर मी स्केचपेननं रेघा मारल्या आहेत.
एक रेघ त्यांनी एकदा पुसली.
मी पुन्हा मारली.
त्यावर आम्ही बोललो नाही.

हाच माणूस कोर्टासमोर दिवसभर टायपिंग करून
घरी आला की माठाशी उभा राहून
तांब्याभर पाणी वरून, एका दमात.
गळ्याचा घाटा वरखाली व्हायचा
आणि मी दारातून बघायचे,
लग्न नवं होतं तेव्हा.

नवी चार आणली आणि नवतपा लागला.
गेडाम म्हणाला, आता हे झोपतात,
झोपलेल्याले उठवून पाजू नये.
तेरा दिवस मी हात आवरला.
चौदाव्या दिवशी जेडची पानं सुरकुतली,
पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी.
कुंडी उचलली. रिकामी काडेपेटी.

ऊन उतरल्यावर मोरीत नेली.
हे पाट ओढून बसले, बघायला.
मी कडेकडेनं सोडत होते.
माती आधी घेईना, पाणी वरच फिरलं,
मग बुडबुडे, मग चर्र,
आणि बऱ्याच वेळानं खालून धार.
"याले भोक आहे," ते म्हणाले,
"नशीबवान आहे बे."
मी हसले नाही. मग हसले.
"अजून टाक."
टाकलं. आणखी टाकलं.
झाडाचं केव्हाच झालं होतं, दोघांनाही कळत होतं,
पण धार वाजत होती.

बशी रिकामी केली.
फ्रीजमधून बर्फाचा एक खडा,
वीस मिली, वहीत लिहून,
त्यांच्या जिभेवर ठेवला.
दात लावायचा नाही, ठरलंय.
तो विरेपर्यंत आम्ही तिथेच, मोरीच्या उंबऱ्याशी,
कुंडीतून थेंब पडायचे थांबले का,
बघत.