दोन मिनिटं साठ सेकंद

आमच्या मायक्रोवेव्हचं तीनचं बटण मेलंय.
कधी मेलं, कुणालाच आठवत नाही.
तीन मिनिटं हवी असली
की दोन, सहा, शून्य दाबायचं.
दोन मिनिटं साठ सेकंद.
यंत्र बिचारं मुकाट्यानं मान्य करतं.
नवा ड्रायव्हर आला की आधी हे शिकवते,
पुंता आरेनासचे रस्ते नंतर.

रेडिओ-टॅक्सीची कचेरी म्हणजे काय,
एक टेबल, एक माइक, एक किटली, हा डबा.
बाहेर वारा असा
की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं,
नाहीतर बिजागरीसकट जातं.
आत येणारा प्रत्येक जण नाक पुसतो
आणि विचारतो, "नोल्विया, रिकामा आहे का?"
माझ्याबद्दल नाही, डब्याबद्दल.

काय काय शिकवलंय मी या लोकांना!
कपात अंडं फेट, दुधाचा थेंब, मीठ,
चाळीस सेकंद, ढवळ, मग वीस.
शिळ्या पावावर ओला कागद घाल,
नाहीतर चपलेचा तळवा चावत बसशील.
घेवड्यावर झाकण, पण घट्ट नको.
बटाट्याला काट्यानं टोचे मार, चहूबाजूंनी,
कुणावर राग असेल तर तोही काढून घे,
पण टोचल्याशिवाय आत ठेवू नकोस.
फ्लोरिदोरनं ठेवला होता एकदा.
त्याचा उडालेला डाग
वरच्या पत्र्यावर अजून आहे. घासून जात नाही.

बेलिसारियो, गाडी नंबर एकेचाळीस,
रात्री दोनला यायचा,
खिशात किल्ल्यांशेजारी चिलोएचे जांभळे बटाटे.
तेव्हा माझा येर्को चार वर्षांचा,
दोन खुर्च्या जोडून माझ्या कोटाखाली झोपलेला.
रेडिओची खरखर चालायची त्याला,
माझं माइकवरचं ओरडणं चालायचं,
पण त्या डब्यानं टिंग केलं
की ताडकन उठून बसायचा
आणि पहाटेपर्यंत गाड्यांचे नंबर विचारत राहायचा.

बेलिसारियो डब्यासमोर उभा राहायचा,
टोपी काढून, आकड्यांवर डोळे रोखून.
अकरा. दहा. नऊ. आठ.
सातावर अंगठ्यानं दार हळूच सोडवायचा,
दुसरा तळवा खाली धरून,
जसं काही आतून पाखरू पडणार आहे.
"एकावर का नाही थांबत?" मी विचारलं.
म्हणाला, "माझी बोटं म्हातारी आहेत,
त्यांना आधीच निघावं लागतं."

त्याच्या मागून येणाऱ्याला
पडद्यावर सात सेकंद शिल्लक दिसायचे.
कुणी पुसून टाकी.
कुणी तेवढ्यात पावाचा तुकडा कोमट करून घेई.
बटाटा मात्र मधे जरा कचवट राहायचा,
तो तसाच खायचा,
धुरावलेल्या मिरचीचं तिखट भुरभुरून.

मग त्यानं गाडी विकली, बेटावर बहिणीकडे गेला.
पाठवणीचा केक कुणी आणला नाही,
आम्हाला कळलंच उशिरा.
एकेचाळीस नंबर आता एका पोराकडे आहे,
तो कानात गाणी घालून टिंग होईपर्यंत मोबाइल बघतो.
बघू दे. खुर्च्या रिकाम्याच असतात.

काल रात्री येर्कोचा फोन, कॉन्सेप्सियोनहून.
कॉलेजच्या खोलीत चौघं, बाकीचे तिघं झोपलेले,
हा भुकेला, कुजबुजत,
"आई, बटाट्याला किती वेळ?"
"दोन मिनिटं साठ," माझ्या तोंडून गेलं.
"इथे तीनचं बटण आहे गं," तो हसला.
घरघर ऐकू येत राहिली,
आम्ही दोघंही बोललो नाही.
माझ्या माइकवर कुणीतरी बंदरावरून गाडी मागत होतं,
त्याला थांब म्हटलं.
घरघर थांबली.
टिंग झालं नाही.

"येर्को?"
"शूऽऽ," तो म्हणाला. "मधे कच्चा आहे अजून."
"मग उलटा कर,
आणि पुन्हा ठेव."