आठवडा बत्तिसावा

जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं
वर्षातले सात दिवस आमच्या मालकीचे.
तेहतीस वर्षांसाठी. कागद आहेत,
हिच्या पर्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत.

खोली एकशे सात.
गीझरचा लाल दिवा लागतो,
पाणी मलप्रभेच्या उगमाइतकं गार.
टॉवेलला कुबट वास. गादीखाली
एकतिसाव्या आठवड्याच्या मालकाची
बीपीची अर्धी गोळी.

काउंटरवरच्या पोरानं तक्रार कन्नडात लिहिली,
मी खाली मराठीत सही केली.
"प्लंबर येऊलालाय सर, खानापुरातनं निघालाय."
तीन दिवस तो निघालेलाच होता.

चौथ्या दिवशी रुद्रव्वा आली, बादली घेऊन.
गीझरकडं बघितलंसुद्धा नाही.
भिंतीतून वाकून येणाऱ्या पाइपला
चपलेनं दोन रट्टे. थांबली. आणखी एक.
पाणी आलं, आधी तांबूस, मग कढत.

"किती वर्षं आहात इथं?"
"पत्रा चढला तवापासनं," म्हणाली,
आणि दातात उशी धरून
अभ्रा चढवत राहिली.

मी फॉर्म भरायला घेतला.
दारातून मागं वळली,
"माझं नाव नका घालू की हो त्यात,
उद्यापासनं प्लंबर म्हणून मलाच धाडतील."