कुताइसीतली उधारी

नातेला मावशीच्या भट्टीचं पान मीच चालवतो.
तिचं ते कमरेपासून आत वाकणं,
भिंतीवर थापलेला लांबुडका पाव,
सगळं अकरा कोनांतून टिपलं,
खाली संगीत, सकाळी सातला टाकलं.
नऊ हजार हृदयं आली.
पाव गेले रोजचेच, साठ.
"त्या हृदयांचं पीठ येतं का रे?"

मग एकदा फोन चालूच राहिला पोत्यावर.
चित्रात नुसतं काजळलेलं छत,
आवाज तिचा, वही वाचणारा :
"झाउरी, दोन पाव, मार्चपासून.
एतेरीच्या पोराचे चार.
गेलं पोलंडला, न सांगता."

रात्री पोलंडहून झाउरीच :
दोनाचे पैसे घे.
आणि रोज एक
आईच्या दाराशी ठेव. गरम.
मग इटलीत कुणाची म्हातारी सांभाळणारी मझिया :
माझं नाव का नाही वाचलंस?
मीही बुडवलेत.

आता गुरुवारी ती वही उघडते.
मी फोन धरतो, छताकडे.
"ज्यांच्या मागे मी लागायचे," म्हणते,
"ते लागलेत माझ्या मागे,"
आणि बोटाला थुंकी लावून
पान उलटते.