असा माणूस इथे नाही

तस्लीमने खेळ पाठवलाय मोबाईलवर.
चित्रं नाहीत, नुसती अक्षरं,
आणि खाली लुकलुकणारी रेघ: तुम्ही काय करता?
"काका, तुम्ही सोसायटीत होतात. चुका काढा."
बर्फवाल्या मुकादमांची ही धाकटी.
हर्णैचं नाव बदललंय तिने,
पण वाळूवरच्या लिलावाचा कालवा तसाच ठेवलाय,
सुरमईच्या डोळ्यावर बसलेली माशीसुद्धा.

मी चौकशी अधिकारी. बाहेरचा माणूस,
घामाने कॉलर भिजलेली.
समोर चेअरमन.
टेबलावर काच, काचेखाली एक देव आणि दोन मंत्री.

> चेअरमनला विचार: डिझेल
"कोटा कागदावर असतो, साहेब. होडी पाण्यावर."

> चेअरमनला विचार: जुलै
"बंदी सगळ्यांना ठाऊक होती. भूकही."

> चेअरमनला विचार: ते तिघे
इथे खेळ जरा थांबतो. मग उमटतं:
चेअरमन तुमच्यासाठी चहा मागवतात.

शेवटाला तीन वाटा.
पोलिसांत द्या. राजीनामा घ्या. चहा पिऊन निघा.

अकरा वेळा खेळलो.
पोलिसांत दिला, तर त्याची बायको दारात येऊन
नुसती उभी राहते, हातात रिकामी कळशी.
राजीनामा घेतला, तर खुर्चीत मेव्हणा.
चहा प्यायलो,
तर खेळ विचारतो, साखर पुरेशी होती ना?

पोरीने लबाडी केली नाही, हे खरं.
त्यानेच धक्क्यावर दिवा आणला होता.
त्यानेच चोगल्यांच्या पोरीची फी भरली, गाजावाजा न करता.
आणि तिसऱ्या दिवशी वाळूला लागलेलं ते
त्याने एकट्याने उचललं होतं, नाकाला फडकं न लावता.
हे सगळं आहे खेळात. कोणी सांगितलं तिला?
उचलतानाचे हात पाहिले की
बोट तिसऱ्या वाटेवर जातं आपोआप,
आणि मग आठवतं,
त्याच हातांनी होडी ढकलली होती.

बाराव्या वेळी मी कपाट उघडलं.
आत वही.
जुलै, डिझेल वाटप: शून्य.
अक्षर वळणदार आहे, असं खेळ म्हणतो.

शून्यही वळणदार काढता येतं.
पेन न उचलता, एका दमात,
जिथून सुरू केलं तिथेच नीट आणून मिटवायचं.
बाराशे लिटर मावतात त्यात.
वर चेअरमन उभे होते, म्हणाले,
"जेवलास काय रे? जेवून घे आधी, मग लिही."
मी जेवून घेतलं. मग लिहिलं.

> वही कोणी लिहिली
असा प्रश्न मला कळत नाही.

> कारकून
असा शब्द मला कळत नाही.

> कारकुनाला विचार
असा माणूस इथे नाही.

रात्रीचे दीड वाजले असतील.
अंगणात सुकटीचा वास, कुठेतरी मांजर.
मी नाव टाईप केलं, स्वतःचं, आडनावासकट,
आणि पाठवायच्या आधी पुसलं.
तिला माहीत नव्हतं
की माहीत असून तिने मला वगळलं?
दुसरं असेल तर ते चहासारखं झालं,
न मागता समोर आलेलं.

सकाळी फोन आला. "सापडल्या का चुका?"
म्हटलं, एक आहे.
धक्क्यावरचा तांबडा दिवा तू डावीकडे लिहिलायस.
तो उजवीकडे हवा.
"छे, काका. आमच्या गच्चीवरून डावीकडेच दिसतो."
किनाऱ्यावरून, हो.
समुद्रातून परत येताना उजवीकडे.

पलीकडे बर्फ फोडायच्या यंत्राचा घरघराट.
मग ती म्हणाली,
"पण माझ्या खेळात
समुद्रातून परत कोणी येतच नाही."

हो, म्हटलं. तेच.
अजून काहीतरी बोलायचं होतं.
लाईन चालू होती.